थंडीची भाजी ऑक्टोबरातच ठरते

पाऊस ओसरत असतो त्या दिवसांत बाजारात सांबाराची जुडी उचलायची, भाव विचारायचा आणि परत खाली ठेवायची, हे आपल्या वस्तीतल्या जवळजवळ प्रत्येक बाईने केले आहे. पावसाने शेतातली पालेभाजी सडते, माल कमी येतो, भाव चढतात. मग महिना-दीड महिना घरात आलू आणि डाळ. तीच मेथी जानेवारीत ढिगाने विकायला येते, तेव्हा आपण दोन जुड्या जास्त घेतो आणि मागचे सगळे विसरतो.

आम्ही काही बाया गेली चार वर्षे विहारामागच्या मोकळ्या जागेत आणि आपापल्या दारापुढे भाजी लावतो. जागा फार नाही. तीन फूट रुंद, सहा फूट लांब असे आठ वाफे, आणि घराघरांत मिळून तीस-चाळीस गोण्या-डबे. घरे अकरा. सुरुवात भाजीच्या हौसेने झाली नव्हती. आमच्यातल्या एकीने दवाखान्यात नर्स म्हणून बरीच वर्षे काढली आहेत. वस्तीत रक्त तपासायला बसलो की हिमोग्लोबिन ८, ९, साडेनऊ असेच आकडे येत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या (२०१९-२१) आकड्यांनुसार महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या शंभरातल्या ५४ स्त्रियांना आणि पाच वर्षांखालच्या शंभरातल्या ६९ मुलांना रक्तक्षय आहे. म्हणजे आपल्या गल्लीत चटईवर चार जणी बसल्या असतील तर त्यातल्या दोघींना.

म्हणून भाजी. पण त्याआधी आमच्या हातून झालेली एक चूक सांगितलीच पाहिजे, नाहीतर पुढचे सगळे सांगण्याचा आम्हाला अधिकार नाही.

पहिल्या वर्षी वाफ्यावर पालक आला तेव्हा आम्ही मोठ्या उत्साहाने गरोदर बायांना सांगत सुटलो, पालक खा, रक्त वाढेल. आमच्या शेजारच्या गल्लीतल्या एका लेकीने ते इतके मनावर घेतले की तिने लोहाच्या गोळ्या बंद केल्या. गोळीने मळमळ व्हायची, शौचाला काळे व्हायचे. भाजीने काम होते तर गोळी कशाला, असा तिचा हिशेब. सातव्या महिन्यात तिचे हिमोग्लोबिन ७.४ निघाले. सरकारी दवाखान्यात नेऊन शिरेतून लोहाची इंजेक्शने द्यावी लागली. बाळंतपण नीट पार पडले, पण ते दोन महिने आम्ही नीट झोपलो नाही.

तर मग खरे काय आहे? पालेभाजीत लोह असते, पण ते आपल्या आतड्यांत फार थोडे शोषले जाते. मटण-कलेजीतले लोह त्यापेक्षा बरेच चांगले शोषले जाते. त्यातही पालकात ऑक्झॅलेट नावाचे द्रव्य असते, ते लोहाला धरून ठेवते. रक्त उतरले असेल तर नुसत्या भाजीने ते चढत नाही. गरोदर बाईने चौथ्या महिन्यापासून रोज एक, अशा १८० दिवस लोह-फॉलिक ॲसिडच्या गोळ्या घ्यायच्या आणि बाळंतपणानंतर पुन्हा १८० दिवस. आशाताई आणि अंगणवाडीताई त्या फुकट देतात. कॅल्शियमची गोळी लोहाच्या गोळीबरोबर घ्यायची नाही, वेगळ्या वेळी घ्यायची. आणि ज्यांच्या घरात सिकलसेल आहे, आपल्या विदर्भात अशी घरे कमी नाहीत, त्यांनी लोहाची गोळी डॉक्टरांना विचारूनच घ्यायची.

मग भाजीचे काम काय? भाजी रक्त टिकवायला मदत करते. हिरव्या पानात फॉलिक ॲसिड असते, दृष्टीला लागणाऱ्या अ जीवनसत्त्वाचा कच्चा माल असतो, आतडी साफ ठेवणारा चोथा असतो. आणि टमाटर, लिंबू, हिरवी मिरची, कच्चा सांबार यांतले क जीवनसत्त्व डाळीतले आणि पानांतले लोह शोषायला मदत करते. जेवणाबरोबर किंवा लगेच नंतर घेतलेला चहा उलटे काम करतो. म्हणून वाफ्यात काय लावायचे हे ठरवताना आम्ही आता नुसता पालक लावत नाही, त्याच्या शेजारी टमाटर आणि मिरची असतेच.

ऑक्टोबरच का

मेथी, पालक, सांबार, मुळा, गाजर, लसूण, वाल ही सगळी थंडीची पिके. उन्हाळ्यात पालक लावला तर पाने यायच्या आधीच तो फुलावर जातो, सांबार उगवतच नाही नीट. भर पावसात लावले तर कोंब कुजतात. आपल्याकडे ऑक्टोबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात पाऊस परततो, जमिनीत ओल असते, आणि पुढचे चार महिने हवा थंड होत जाते. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला बाहेरगावचे पाहुणे येऊन गेले, घर आवरले, की आम्ही वाफे खणायला घेतो. त्या तारखेची आठवण ठेवावी लागत नाही, म्हणून ती धरली, एवढेच.

ऑक्टोबरची दुपार मात्र फसवी असते. ऊन मे महिन्यासारखे चटके देते. नवे कोंब त्यात करपतात. पहिले दहा दिवस वाफ्यावर जुनी साडी किंवा ओढणी काड्यांवर ताणून ठेवायची, सकाळ-संध्याकाळ काढायची. सुती साडी चांगली. नायलॉनची वाऱ्याने उडते.

पहिल्या वर्षीची दुसरी चूक म्हणजे सगळे बी एकाच दिवशी टाकले. सतरा-अठरा नोव्हेंबरला आठही वाफ्यांतली मेथी एकदम तयार. आठ दिवस अकरा घरांत सकाळ-संध्याकाळ मेथी, पोरे ताट सरकवायला लागली, उरलेली पिवळी पडली. डिसेंबरात वाफे रिकामे. शेतकऱ्याला एकदम काढून बाजारात न्यायचे असते, आपल्याला रोज चुलीवर टाकायचे असते. दोन्ही गोष्टी वेगळ्या.

आता आम्ही उलटीकडून मोजतो. कधी खायचे ते आधी ठरवायचे आणि तितके दिवस मागे जायचे. मेथी पेरल्यापासून २५ ते ३० दिवसांत येते. पालकाची पहिली कापणी महिन्याने, मग खोडापासून दोन बोटे वर कापला तर दर १२-१५ दिवसांनी पुन्हा फुटतो. सांबाराला ३५ ते ४५ दिवस, मुळ्याला तितकेच, आणि मुळ्याचा पाला तर त्याआधीच खाता येतो. लाल माठ महिन्याचा. गाजराला तीन महिने धरावेत. टमाटराचे रोप बनायला चार आठवडे, मिरची-वांग्याचे पाच-सहा, आणि लावल्यावर टमाटराला पहिले फळ यायला दोन महिन्यांहून थोडे जास्त. म्हणजे जानेवारीत टमाटर हवा असेल तर रोपासाठी बी सप्टेंबरअखेर टाकायला हवे; ते राहून गेले असेल तर रोपवाटिकेतून तयार रोपे आणा, त्यात कमीपणा नाही.

जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागे आम्ही आडवे-उभे चौकोन आखले आहेत. आडवे आठ वाफे, उभे आठवडे. मेथीचा वाफा एकदम पेरायचा नाही. दर दहा-बारा दिवसांनी पाव वाफा. एक कापून झाली की त्याच जागी मूठभर शेणखत मिसळून माठ किंवा सांबार. मेथीनंतर लगेच मेथी लावत नाही. वाल आणि मेथी द्विदल आहेत, त्यांच्या मुळांवर गाठी धरतात, त्यामुळे त्यांच्या जागी पुढे पालक चांगला येतो. हे कॅलेंडर विहाराच्या भिंतीवर लटकते आणि ज्याच्या पाळीचे पाणी, त्याने त्यावर सही करायची. सही करायला लागल्यापासून पाणी चुकत नाही.

काय लावू नये

फुलकोबी आणि पानकोबी आम्ही बंद केली. तीन महिने जागा अडवते, शेवटी एका रोपाला एक गड्डा, तोही आळ्यांनी खाल्लेला. आणि तो हातात येतो तेव्हा बाजारात फुलकोबी मातीमोल झालेली असते. आलू-कांदाही नको. थोड्या जागेत तेच लावावे जे घरी पुन्हा पुन्हा तोडता येते, जे बाजारात महाग किंवा शिळे मिळते, आणि जे थोडेसे घातले तरी ताटाला उपयोगी पडते. पालक, सांबार, लसणाची पात, मिरची, टमाटर, वालाचा एक वेल कुंपणावर.

हिशेबही स्वच्छ ठेवू. तीन बाय सहाच्या एका वाफ्यातून मेथी निघते दीड-दोन किलो. पाच माणसांच्या घराला एका वेळी अर्धा किलो तरी लागते. म्हणजे एक वाफा म्हणजे एका घराची तीन-चार वेळची भाजी. जागतिक आरोग्य संघटना माणशी रोज ४०० ग्रॅम भाज्या-फळे खा म्हणते. आपल्या आठ वाफ्यांतून अकरा घरांचे ते भागत नाही आणि भागेल असे आम्ही कोणाला सांगतही नाही. पण ज्या घरात आठवड्यातून एकदा हिरवे शिजत होते तिथे आता तीनदा शिजते. तोडणी आम्ही वाटून घेतो, आणि गरोदर किंवा अंगावर पाजणारी बाई ज्या घरात आहे त्या घराची पाळी आधी. यावरून पहिल्या वर्षी भांडण झाले होते, नाही असे नाही.

डबा, गोणी आणि माती

जागा नसेल तर गोणी. सिमेंटची रिकामी गोणी दोन पाण्यांनी झटकून धुवा, तोंड दुमडून अर्धी करा, तळाला विळ्याने सात-आठ भोके पाडा. पालेभाजीला वीतभर माती पुरते, टमाटर-वांग्याला फूटभर हवी. तेलाचा १५ किलोचा डबा उत्तम. रंगाचे, ॲसिडचे, फवारणीच्या औषधाचे डबे कितीही धुतले तरी वापरायचे नाहीत. पत्र्याच्या छपरावर ओळीने डबे मांडायचा मोह होतो. ओल्या मातीने भरलेली १५ लिटरची एक बादली वीस किलोच्या वर जाते, अशा दहा बादल्या म्हणजे तीन-चार माणसे छपरावर कायम उभी. नको.

माती कुठली घ्यायची हा खरा प्रश्न. भंगाराचे काम जिथे चालते, जुन्या बॅटऱ्या फोडतात, रहदारीचा रस्ता अगदी लागून आहे, तिथल्या मातीत शिसे असू शकते. शिसे लहान मुलांच्या मेंदूला आणि रक्ताला दोन्हीला मारक, आणि ते शिजवून जात नाही. अशा ठिकाणी जमिनीत मुळा-पालक लावू नका. दुसरीकडची माती आणून गोणीत लावा. नाल्याच्या पाण्याचा तर विचारही नको. नाल्याचे पाणी दिले की पाने तरारून येतात हे आम्हालाही माहीत आहे. पण त्या पाण्यातले जंतू पानांवर बसतात, आणि सांबार तर आपण कच्चाच वरून भुरभुरतो. तांदूळ-डाळ धुतलेले, भाजी धुतलेले पाणी एका बादलीत साठवा, एवढ्यावर चार-पाच डबे आरामात निघतात. साबणाचे पाणी पालेभाजीला नाही.

शेणखत पूर्ण कुजलेले, काळे, वास नसलेले हवे. ताजे शेण मुळे जाळते आणि जंतूही आणते. घरच्या ओल्या कचऱ्याचे खत करणार असाल तर टोपलीभर सालींना दोन-तीन टोपल्या सुका पाला, आणि शिजलेले अन्न, मासळीचे काटे, हाडे त्यात नाहीत. आमच्या एका ताईंनी उरलेला भात टाकला आणि आठवड्यात घुशींनी वाफा उकरला. उंदीर-घुशी नुसती नासधूस करत नाहीत, त्यांच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिस पसरतो.

बी विकत घेताना पाकिटावरची तारीख बघा. मेथीदाणे आणि धने किराण्यातले चालतात. धने लाटण्याने हलके दाबून दोन भाग करा, रात्रभर भिजवा, मग पेरा. पालकाचे बीही भिजवा. गाजर-मुळा जिथे पेरले तिथेच वाढू द्या, उपटून दुसरीकडे लावले की गाजराला पाय फुटतात. कृषी केंद्रातले बी गुलाबी-निळे असेल तर त्याला औषध चोळलेले असते. ते पोरांच्या हाती लागू देऊ नका, पेरल्यावर हात साबणाने धुवा, आणि उरलेले डब्यात घालून शिजवायच्या मसाल्याशेजारी ठेवू नका. हसू नका, हे झालेले आहे.

पायात चप्पल, ताटलीत पाणी नाही

आता आमच्या मूळ पेशाच्या गोष्टी. मातीत अनवाणी काम करायचे नाही. जिथे माणसांची विष्ठा मातीत मिसळते तिथे आकडेकृमीच्या अळ्या असतात, त्या पायाच्या कातडीतून शिरतात, आतड्याला चिकटून रोज थोडे थोडे रक्त पितात. रक्त वाढावे म्हणून भाजी लावायची आणि ती लावतानाच रक्त गमवायचे, असे व्हायला नको. १ ते १९ वर्षांच्या मुलांना जंतनाशक गोळी वर्षातून दोनदा, १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्टच्या सुमारास शाळा-अंगणवाडीत मिळते, चुकवू नका. मोठ्यांनी दवाखान्यात विचारावे. विळा-खुरपे लागले, तर जखम वाहत्या पाण्याने आणि साबणाने धुऊन त्याच दिवशी धनुर्वाताच्या इंजेक्शनसाठी जावे. हळद दाबून घरी बसू नये.

दुसरे डेंग्यू. आपल्या वस्त्यांत डेंग्यूचे रुग्ण पावसाळ्यात आणि नंतर ऑक्टोबर-नोव्हेंबरात जास्त, आणि नेमके तेव्हाच आपण डब्यांखाली ताटल्या ठेवून पाणी घालत असतो. डेंग्यूचा डास स्वच्छ साचलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत अंड्याचा डास होतो. दुसऱ्या वर्षी आमच्याच ताटल्यांमध्ये अळ्या वळवळताना एका शाळकरी मुलाने दाखवल्या. त्याच महिन्यात गल्लीत तिघांना डेंग्यू झाला. आमच्या ताटल्यांमुळेच झाला असे सिद्ध करता येणार नाही, पण आम्ही ताटल्या काढून टाकल्या. आता डबा दोन विटांवर, खाली मोकळे. पाण्याचा ड्रम झाकलेला, कापड बांधलेला, आणि रविवारी तो रिकामा करून आतून घासायचा. नुसता ओतून चालत नाही, अंडी कडेला चिकटून राहतात आणि कोरडी असली तरी महिनोन्महिने मरत नाहीत.

मावा पडला तर पाण्याची जोराची धार, किंवा ५० ग्रॅम वाळक्या निंबोळ्या कुटून लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवून गाळलेला अर्क. शेतातले औषध आणून फवारायचे नाही. यवतमाळ जिल्ह्यात २०१७ मध्ये फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-शेतमजुरांचे जीव गेले, आपल्यातल्या कित्येकांचे नातलग त्या भागातले आहेत. आणि तसले औषध थंड पेयाच्या बाटलीत भरून घरात ठेवणे म्हणजे लेकरांच्या जिवाशी खेळ.

भाजी तोडल्यावर मोठ्या घमेल्यात तीनदा पाणी बदलून धुवा, मग चिरा. चिरून धुतली की जीवनसत्त्व पाण्याबरोबर जाते. उकळून पाणी फेकू नका. चमचाभर तेल असू द्या, त्याशिवाय अ जीवनसत्त्व नीट शोषले जात नाही. मुतखडा असणाऱ्यांनी पालक-चुका बेताने. हृदयाची झडप बदललेली असून रक्त पातळ करायची गोळी चालू असेल, तर पालेभाजी एकदम वाढवण्याआधी डॉक्टरांना सांगा.

फेब्रुवारीपासून पुढच्या ऑक्टोबरपर्यंत

मेथी-पालकाची शेवटची पेरणी जानेवारीच्या अखेरीस. त्यानंतर ऊन चढते. फेब्रुवारीत त्याच वाफ्यात गवार, भेंडी आणि चवळाई. मात्र प्रत्येक पिकाची दोन-तीन जोमदार झाडे तोडायची नाहीत, त्यांना फुलावर जाऊ द्यायचे. मार्चअखेर मेथीच्या शेंगा आणि धने वाळतात. वालाच्या शेंगा वेलावरच खडखडीत होऊ द्या. हे बी राख मिसळून काचेच्या बरणीत, बरणीवर नाव आणि वर्ष. यंदा आम्ही मेथी आणि वालाचे एक पैशाचे बी विकत घेतले नाही. पालकाचे घ्यावे लागले, कारण कोणीतरी बियाण्यासाठी ठेवलेली झाडेच कापून नेली. कोणी ते आम्हाला माहीत आहे.

राहिला तो सुरुवातीचा प्रश्न, सप्टेंबर-ऑक्टोबरातला रिकामा महिना. ऑक्टोबरात पेरलेले त्या महिन्यात कामी येत नाही. त्यासाठी पावसात टिकणाऱ्या भाज्या जूनमध्येच लावाव्या लागतात. अंबाडी, अळू, आणि सगळ्यात कमी कष्टाचा शेवगा. शेवग्याच्या शेंगा आपण खातो, पाला मात्र फेकतो. कोवळा पाला डाळीत घातला तर कोणाला कळतही नाही. मनगटाएवढी जाड, तीन फुटांची फांदी पाऊस पडल्यावर रोवली की धरते. फक्त तिची जागा आताच बघून ठेवा, वाफ्याच्या उत्तरेला, म्हणजे थंडीतले तिरपे ऊन अडणार नाही, आणि विजेच्या तारेखाली नको. आम्ही आमच्या जागी खुंटी ठोकून ठेवली आहे. फांदी द्यायचे पलीकडच्या वस्तीतल्या एका आजींनी कबूल केले आहे.